उशिराचा नियम

रविवार, ३ ऑगस्ट

भिंगरी,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो तुला हवा आहे का, हे विचारल्याशिवाय कसा लिहू? म्हणून जागा सोडली आहे.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या मामाकडे असणार, पण त्याने दिला नाही आणि मी दुसऱ्यांदा मागितला नाही. म्हणून हे पत्र तुझ्या विभागाच्या पत्त्यावर टाकतोय. तिथे टपाल कोण उघडतं कोण जाणे, तेव्हा फार घरगुती लिहीत नाही.

बातमी अशी, की मी विद्यार्थी झालोय. हस खुशाल. आपल्या इथल्या विद्यापीठात साठीच्या पुढच्या माणसांना पहिल्या वर्षाच्या एका वर्गात बसू देतात, परीक्षासुद्धा देऊ देतात. मी 'संख्याशास्त्राची ओळख' घेतलं. फॉर्म घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बागकाम आहे, फोटोग्राफी आहे. हे कशाला घेता डोक्याला?" मी म्हटलं, वेळ जात नाही. हे काही खरं कारण नव्हतं, पण माझ्या मागे रांग होती.

पहिल्या दिवशी सरांनी शिकवलं काहीच नाही. चार पानांचं पत्रक वाटलं, 'नियम आणि अपेक्षा'. सर तुझ्याहून लहान असतील, शर्टाची वरची गुंडी लावतात. एकूण अकरा नियम. हजेरी. मोबाइल बंद. साधा कॅल्क्युलेटर. परीक्षेला सूत्रांचा एकच कागद आणायचा, हाताने लिहिलेला, एकाच बाजूला. चौघांच्या गटात काम. आणि नियम चार: गृहपाठ शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून एक मिनिटाला आलेल्या कागदाला शून्य. कारणं ऐकली जाणार नाहीत.

पोरं कुरकुरली. मी मात्र मान डोलावत होतो. सदतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो, आठ वाजून पाच मिनिटांनी गेट लावणारा माणूस मी. शेजारी एक मुलगी बसते, केसांत पेन्सिल खोचून ठेवते आणि मग वर्गभर पेन्सिल शोधते. ती म्हणाली, "काका, तुम्हाला आवडलेलं दिसतंय हे प्रकरण."

शेवटच्या पानावर 'वाचलं, समजलं, मान्य आहे' आणि खाली सही. वर्गात सगळ्यात आधी मी केली.

इकडे सर्व ठीक.

बाबा


रविवार, १७ ऑगस्ट

भिंगरी,

मागच्या पत्रात एक लपवलं. वेळ जात नाही म्हणून मी हा विषय घेतलेला नाही. तू हा शिकवतेस म्हणून घेतला. तू जन्मभर कशाच्या मागे होतीस, ते मी कधी विचारलंच नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचो, "ते आकड्यांचं काहीतरी आहे."

परवा वाचनालयातल्या संगणकावर गृहपाठ शोधत होतो. शोधता शोधता बोटांनी तुझं नाव टाइप केलं. तुझ्या वर्गाचं पान आलं. फोटो नाही, काही नाही. नुसते नियम आणि अपेक्षा.

चार वर्षांत वाचलेलं तुझं पहिलं लिखाण. उभ्यानेच वाचलं, बसायचं सुचलं नाही.

नियम एक: "हे वाचून झाल्यावर मला एक ओळ लिहा. तुम्ही या वर्गात का आलात? याला गुण नाहीत." हे बरं वाटलं. नियम चार आमच्यासारखाच, उशिराचा. पण त्यात तू काय लिहिलंयस: "सत्रात प्रत्येकाला उशिराचे पाच दिवस आहेत. कारण सांगू नका. घरी कुणी आजारी असेल किंवा कुणी गेलं असेल तर दाखला आणू नका. फक्त 'उशीर होईल' एवढं कळवा. मी थांबेन."

खरं सांगतो, आधी मी चिडलो. म्हटलं, असा वर्ग चालतो का कधी? पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील. मग वाचनालयातल्या माणसाकडून ते पान छापून घेतलं आणि घरी येऊन परत वाचलं. 'मी थांबेन' हे शब्द कुणाला उद्देशून आहेत, हे कळायला माझ्यासारख्या मठ्ठालासुद्धा फार वेळ लागला नाही.

त्याबद्दल आज लिहीत नाही. एक कामाचं मात्र सांगतो. नियम सातमध्ये सहामाही परीक्षेला 'बुधवार, १६ ऑक्टोबर' लिहिलंयस. सोळाला गुरुवार आहे. अर्धी पोरं बुधवारी येतील, अर्धी गुरुवारी. जित्याची खोड, दुसरं काय. तारखेखाली वार तपासल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बाबा


रविवार, ७ सप्टेंबर

भिंगरी,

गुरुवार झाला!

बुधवारी पान उघडलं तेव्हा नियम सातमध्ये 'गुरुवार, १६ ऑक्टोबर' लिहिलेलं होतं. मी वाचनालयात मोठ्याने "बघा!" म्हणालो, आणि टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग घरी येऊन चहा केला आणि स्वतःला खाली आणलं. सरांनी याच आठवड्यात शिकवलंय, की दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. एखाद्या विद्यार्थ्याने सांगितलं असेल. तुझ्या कार्यालयातल्या कुणाच्या लक्षात आलं असेल. माझं पाकीट तिकडे न उघडता पडलं असेल, आणि इकडे मी ज्याच्या त्याच्या तोंडात साखर घालत फिरतोय. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. काढत नाही. पण चहाला दोन कप काढले होते, ते ओतताना लक्षात आलं.

वर्गाचं सांगतो. गट पाडायची वेळ आली तेव्हा पोरांनी पटापट एकमेकांचे खांदे धरले. मी आपला जागेवर पेन झाकत-उघडत बसलो, जसं काही मला घाई नाही. शेवटी सरांनी मला पेन्सिलवालीच्या गटात घातलं. तिने नाक मुरडलं नाही, एवढं मी नीट बघून घेतलं. पहिल्या चाचणीत दहापैकी चार पडले. ती म्हणाली, "काका, सगळ्यात कमी गुणांची चाचणी सर धरतच नाहीत, विसरा." मी विसरलो नाही, पण बरं वाटलं.

आठवड्यातून तीन दिवस हा वर्ग असतो. बाकीच्या चार दिवसांत मी दूधवाल्याशी बोलतो ते धरून दिवसाला साधारण अकरा वाक्यं होतात. परवा मोजली. तक्रार नाही ही. तुझी आई असताना मी दिवसाला किती बोलायचो हे मोजलं नव्हतं, त्यामुळे तुलना करता येत नाही.

एक शंका विचारतो. नियम नऊ: "मंगळवारी दोन ते चार माझं दार उघडं असतं. विद्यार्थ्यांनी केव्हाही यावं." विद्यार्थी म्हणजे कोण? फक्त तुझ्या वर्गातले? नियम मोघम असू नये, एवढंच म्हणणं आहे.

बाबा


रविवार, २८ सप्टेंबर

भिंगरी,

नियम नऊ मी आता तोंडपाठ म्हणू शकतो. "मंगळवारी दोन ते चार माझं दार उघडं असतं. विद्यार्थ्यांनी केव्हाही यावं. विद्यार्थी कुठल्याही वर्गाचा, कुठल्याही विद्यापीठाचा चालेल."

मी काही म्हणत नाही. दोन निरीक्षणं झाली, एवढीच नोंद करतो. सरांना मोघमात विचारलं, दोन पुरतात का? ते म्हणाले, "काका, दोन म्हणजे किस्सा. आकडेवारी नव्हे." बरं.

आता प्रकल्पाचं. प्रत्येकाने स्वतःची खरी आकडेवारी गोळा करायची, निदान साठ नोंदी, आणि त्यातून एक प्रश्न सोडवायचा. कुणी बसला किती उशीर होतो ते मोजतंय, कुणी मित्रांची झोप. पेन्सिलवाली तिच्या हरवलेल्या पेन्सिली मोजतेय. मला काही सुचेना. मग ओट्याखालचा खण साफ करताना तळाला अंथरलेली जुनी कॅलेंडरं निघाली. सहा वर्षांची. तू नोकरीला तिकडे गेलीस तेव्हापासून आई होती तोपर्यंतची.

तुला माहीत होतं का हे? प्रत्येक रविवारच्या चौकोनात तिने पेन्सिलने आकडा लिहिलाय. बावीस. चाळीस. पस्तीस. एका ठिकाणी सत्तर, आणि पुढे 'नवं घर!' तू रविवारी फोन करायचीस, तो किती मिनिटं चालला ते ती लिहायची. ओट्यापाशी उभी राहून बोलायची आणि मग घड्याळ बघायची, हे मी सहा वर्षं पाहिलं, पण का बघते ते विचारलं नाही. मला वाटायचं, भात बघत असेल.

तीनशे बारा रविवार भरले. सरासरी एकतीस मिनिटं.

मग मी पुढचे रविवारही घेतले, ती गेल्यानंतरचे. दोनशेच्या वर होतात. सगळ्यांसमोर शून्य, शून्य, शून्य लिहीत गेलो. सरासरी घसरून साडेअठराच्या आसपास आली. आलेख काढला. छान उतरती रेघ निघाली आणि मग एकदम तळ. खाली निष्कर्ष लिहिला: 'आईच्या मृत्यूनंतर मुलीने संपर्क ठेवला नाही.' शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

लिहिताना समाधान वाटलं होतं. आकड्यांनी सिद्ध झालं होतं ना.

बाबा


रविवार, १२ ऑक्टोबर

भिंगरी,

प्रकल्प परत आला. शून्यांच्या संपूर्ण रांगेभोवती लाल पेनाचा लांबोळका घेर, आणि शेजारी सरांचं बारीक अक्षर: 'शून्य म्हणजे मोजलं आणि काही मिळालं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. या दोनशे रविवारी तुम्ही फोन केला होतात का?'

वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "सर, फोन तिनेच करायचा असतो."

"असा नियम आहे का?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"मग तुमच्या बाजूची नोंद रिकामी आहे, काका. ती तुम्ही भरू शकत नाही. ती का रिकामी आहे ते लिहायचं. तेवढंच प्रामाणिक."

मी जिन्यात उभा राहिलो. पोरं वर-खाली जात होती. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. पेन्सिलवाली कॅलेंडरांचा गठ्ठा धरून मागे आली आणि म्हणाली, "काका, या कोपऱ्यात बारीक 'बा' लिहिलंय, ते काय? ते तुम्ही घेतलंच नाही."

मी पाहिलंच नव्हतं. चष्मा पुसून बघितलं. प्रत्येक चौकोनात खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. 'बा १'. 'बा अर्धा'. 'बा १'. 'बा नाही'.

बा म्हणजे बाबा. तुझ्या एकतीस मिनिटांतली माझी किती, तेही ती लिहून ठेवायची. कधी बोलली नाही. मी फोन घ्यायचो, "बरी आहेस ना? तब्येत सांभाळ. ठेवतो," म्हणायचो आणि तिच्या हातात परत द्यायचो. सहा वर्षांची सरासरी एक मिनिटाच्या आत येते. नक्की आकडा माझ्याकडे आहे, पण तो लिहीत नाही.

आज सकाळी दहाला, तू करायचीस त्याच वेळेला, मी तुझा नंबर लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. तो नंबर आता कुणाचाच नाही, असं यंत्रातली बाई म्हणाली. कधीपासून बंद आहे कोण जाणे. मला कळायला मार्गच नव्हता, कारण मी कधी लावलाच नव्हता.

या रविवारासमोर मी शून्य लिहिलंय. हे खरं शून्य आहे, मोजून मिळालेलं. बाकीचे दोनशे मी खोडले.

आणि तो निष्कर्षही खोडला. तू संपर्क ठेवला नाहीस, हे मला ठाऊक नाही. मी ठेवला नाही, हे ठाऊक आहे.

बाबा


रविवार, ९ नोव्हेंबर

भिंगरी,

चार आठवडे लिहिलं नाही. लिहायचं काय ते माहीत होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

तुझ्या पानावर आता सगळ्यात वर एक ओळ आली आहे: "पुढच्या सत्रापासून मी वर्षभर रजेवर आहे. शेवटचं उघडं दार: मंगळवार, २ डिसेंबर." वार तपासला. बरोबर आहे. तू रजेवर कुठे जाणार हे लिहिलेलं नाही, आणि तू गेल्यावर या पत्त्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आता सांगून टाकतो.

आई गेली त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, उद्या अकरा वाजता न्यायचं. तुलाही कळवलं. सकाळी आठला तुझा फोन आला. गाडीच्या खडखडाटात तू ओरडून बोलत होतीस. "बाबा, मी निघालेय, पण अकराला नाही पोचत. एक वाजेल. थांबाल ना?" मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. "अकरा म्हणजे अकरा."

पुढचं कदाचित तुला माहीत नसेल. साडेदहाला मामाने विचारलं, "भिंगरीचा काही निरोप?" आणि मी म्हणालो, "नाही." परत विचारलं तेव्हाही नाही म्हणालो. सगळे म्हणत होते तास-दोन तास थांबू या, आणि मी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभा होतो. अकराला निघालो. तू एक वाजून दहा मिनिटांनी दारात आलीस. मावशी तुला म्हणाली, "अगं, निदान एक फोन तरी करायचास." तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे बघितलं. तू एक शब्द बोलली नाहीस. माझी लाज राखलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस.

मी का असं केलं, हे सदतीस वर्षांच्या सवयीवर ढकलता येईल. पण ते पुरेसं नाही. तिला तशी निजलेली बघत आणखी दोन तास बसलो असतो तर मी सगळ्यांसमोर ढासळलो असतो. मला धरायला घड्याळाशिवाय दुसरं काही नव्हतं. तू आली असतीस तर तुला धरता आलं असतं, हे त्या वेळी सुचलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार.

मामाला काल घरी बोलावून हे सगळं सांगितलं. मावशीलाही फोन करून सांगितलं. मामा म्हणाला, "चार वर्षं मी पोरीवर रागावून होतो, भावजी." चहा न घेता गेला. जिन्यातून परत वर आला आणि म्हणाला, "पत्ता मात्र तिला विचारूनच देईन." बरोबर आहे त्याचं.

तुझ्या पानावर नियम सहा आहे, सर्वांत कमी गुणांची एक चाचणी धरली जाणार नाही. तो मला लावून घे म्हणायचा मोह झाला होता. पण त्याच्याच खाली तू लिहिलंयस, अंतिम परीक्षा वगळता येणार नाही. ती अंतिम परीक्षा होती, हे मला कळतं. वगळू नकोस.

बाबा


रविवार, २३ नोव्हेंबर

भिंगरी,

हे छोटंसंच. आमची अंतिम परीक्षा मंगळवारी, दोन डिसेंबरला, सकाळी दहाला आहे. तुझं शेवटचं दार त्याच दिवशी. तुझ्या गावची गाडी पोचायला पुरा दिवस घेते.

सरांना सांगितलं, मी परीक्षेला नसेन. ते म्हणाले, "काका, तुमचे गुण चांगले आहेत हो आता. आमचा नियम आठ आहे, दाखला असेल तर फेरपरीक्षा. डॉक्टरचा एखादा आणा, मी फार खोलात जाणार नाही."

"मी आजारी नाही, सर."

"मग कारण काय लिहू?"

"मुलीकडे जायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "याचा दाखला नसतो, काका. मला तुमच्या नावासमोर गैरहजर लिहावं लागेल."

"शून्य नाही ना?"

ते हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "नाही. गैरहजर."

पेन्सिलवालीने सूत्रांचा कागद मला तरीही करायला लावला. म्हणाली, मेहनत वाया जाऊ द्यायची नाही. गटाची उत्तरं तपासायला आता घड्याळ लावून कोण बसणार, अशीही तिची तक्रार आहे. मी तिला माझं घड्याळ देऊ केलं. नको म्हणाली.

हे पत्र तुला वेळेत मिळेल की नाही सांगता येत नाही. मी येतोय, हे कळवलंय. तू त्या दिवशी नसलीस तरी चालेल. असलंच पाहिजेस असा नियम नाही.

बाबा


मंगळवार, २ डिसेंबर

भिंगरी,

तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसलोय. लिहायला कागद नव्हता. खिशात सूत्रांचा कागद निघाला, एका बाजूला लिहिलेला. नियमाप्रमाणे मागची बाजू कोरी ठेवली होती. तिच्यावर लिहितोय.

दहा वाजता आमच्या वर्गात पेपर वाटले असतील तेव्हा मी तुझ्या इमारतीखाली चहा पीत होतो. बाराला वर आलो. दोनपर्यंत बसायची माझी तयारी होती. दोनला दहा मिनिटं असताना लक्षात आलं, की दारावर चिठ्ठी आहे. इतका वेळ मी तिच्यासमोर बसलोय आणि ती फळ्यावरची एखादी जुनी सूचना समजून वाचलीच नव्हती. अक्षर तुझं. 'र'ची शेपटी अजून तशीच, तुझ्या पाटीवरची.

'आज मला उशीर होईल. किती, ते सांगता येत नाही. थांबता आलं तर थांबा.'

दोन मुलं आली, वाचून म्हणाली, "जाऊ दे, मेल करू," आणि गेली. एक मुलगी पाऊण तास बसली, मग तिची बस होती. तुमच्या कार्यालयातले शिपाई दोनदा चक्कर मारून गेले. तिसऱ्यांदा थांबले.

"काका, मॅडमचं आज काही खरं नाही. सामान हलवायला गेल्यात सकाळपासून. तुम्ही कोण?"

"विद्यार्थी," मी म्हटलं.

त्यांनी मला नीट निरखून बघितलं. "जाड पाकिटवाले तुम्हीच का? पत्त्याखाली दोन रेघा मारता ते?"

मी हो म्हणालो. "उघडतात का त्या?"

"इथे नाही उघडत. पिशवीत घालून घरी नेतात. एकदा पाकीट यायला उशीर झाला तर मला दोनदा विचारायला आल्या, टपाल आलं का म्हणून."

एवढं सांगून ते गेले. त्यांना कल्पना नसेल, पण ही तिसरी नोंद झाली.

चार वाजून गेलेत. दार उघडं असायची तुझी वेळ संपली. तू खरोखर सामानात अडकली असशील, किंवा समोरच्या खिडकीतून मी किती वेळ बसतो ते बघत असशील. दुसरं असलं तरी चालेल, तो तुझा हक्क आहे. त्या दिवशी तू माझ्याकडे दोनच तास मागितले होतेस.

शिपाईभाऊ आता व्हरांड्यातले दिवे लावतायत. त्यांनी विचारलं, "किती वेळ बसणार?" सवयीने हात मनगटाकडे गेला. मग म्हटलं, "सांगता येत नाही." त्यांनी आपल्या टेबलावरची पाण्याची बाटली आणून माझ्या शेजारी ठेवली.

तुझ्या नियम एकचं उत्तर द्यायचं राहिलंय. तुम्ही या वर्गात का आलात, ते एका ओळीत लिहा. लिहितो: तू कशी आहेस हे विचारायला, आणि उत्तर येईपर्यंत फोन कुणाच्या हातात न द्यायला.

कागद संपत आला. वर आशीर्वादासाठी जागा या पत्रातही सोडली आहे.

सावकाश ये. मी थांबलोय.

बाबा